सायंकाळची पाकशाला

नोकरीनिमित्त पॅरिसात मुक्काम पडलेल्या परदेशी माणसास, दिवसाचे कामकाज आटोपल्यावर फ्रेंच पाककलेच्या सायंवर्गात दाखल होण्याइतका त्या समाजात शिरण्याचा प्रशस्त मार्ग क्वचितच सापडेल, असे माझे प्रांजळ मत आहे. तेथे पक्वान्नांच्या आधी पायाचे शिक्षण मिळते: लोणी आणि मैदा समभाग घेऊन मंद आचेवर असे परतावयाचे, की मैद्याचा कच्चेपणा जावा पण रंग पालटू नये, मग दूध थोडेथोडे ओतीत, गाठी होऊ न देता घोटीत राहिले, म्हणजे चमच्याच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ मिटणार नाही इतका दाट बेशामेल सॉस सिद्ध होतो. पिठले हाटण्याची सवय असलेल्या हातास हे अवघड जाऊ नये. फ्रेंच पाकशास्त्री ओग्यूस्त एस्कॉफिए यांनी १९०३ सालच्या आपल्या ग्रंथात अशा मूळ सॉसांची जी शिस्तबद्ध व्यवस्था लावून दिली, तिच्यामुळे ही विद्या परक्यालाही सुलभ झाली आहे. उदाहरणार्थ, पतीच्या सरकारी नोकरीमुळे पॅरिसला आलेल्या अमेरिकन ज्युलिया चाइल्ड १९४९ साली ‘ल कोर्दों ब्ल्यू’ या संस्थेत माजी अमेरिकन सैनिकांच्या वर्गात शिकल्या, आणि १९६१ साली त्यांनी दोन फ्रेंच सहकारिणींसह लिहिलेल्या ग्रंथाने ही पाकविद्या अमेरिकन घरांत पोहोचवली. शाकाहारी मराठी माणसाने मात्र नाव नोंदविण्यापूर्वीच चौकशी करावी, कारण पुष्कळ सॉसांचा आधार वासराच्या वा कोंबडीच्या हाडांचा अर्क असतो.