पिकवणाऱ्यालाही धान्य विकत घ्यावं लागतं

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये ओक ट्री रोडवर ज्वारीचं पीठ सहज मिळतं. ती ज्वारी पिकवणाऱ्याविषयी मात्र आपल्या मराठी घरांत काही समजुती घट्ट बसल्या आहेत. त्यातली पहिली: शेतकरी स्वतःच पिकवतो, मग त्याला रेशन कशाला?

न्यू जर्सीतलं सरासरी शेत सुमारे 70 एकरांचं. महाराष्ट्रात 2015-16च्या कृषी गणनेनुसार सरासरी धारणा 1.34 हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर, आणि बहुतांश कोरडवाहू. विदर्भ-मराठवाड्यात त्यावर प्रामुख्याने कापूस किंवा सोयाबीन असतं. ते विकून आधी कृषी केंद्राची उधारी फेडायची, उरलेल्या पैशांत किराणा भरायचा. पावसाने दडी मारली की पीक जातं आणि धान्य विकत घेण्याची ऐपतही जाते. म्हणूनच राज्य सरकारने 2015मध्ये मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना दरमहा माणशी 5 किलो स्वस्त धान्य सुरू केलं. 2023मध्ये त्याऐवजी दरमहा माणशी 150 रुपये खात्यात देण्याचं ठरलं. हा बदल मला चुकीचा वाटतो. बाजारभाव चढला तरी पाच किलो धान्य पाच किलोच राहतं. ठरावीक रकमेत मात्र भाव वाढले की कमी धान्य येतं.

रेशन ही सरकारची मेहेरबानी, हाही गैरसमजच. 2013च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना हक्क दिला आहे. धान्य मिळालं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. अमेरिकेने मात्र 2021मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्नहक्काच्या ठरावाविरुद्ध मत दिलं. बाजूने 186 देश होते.

आणि बदलत्या हवामानात तगायला महागडं तंत्रज्ञानच लागतं, असंही नाही. शेततळं, ठिबक उपयोगी आहेतच. पण सोलापूरकडची मालदांडी ज्वारी रब्बीत जमिनीतल्या ओलीवर येते, माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा देते. तरीही तिचा पेरा घटला. कारणं अनेक आहेत, पण रेशन दुकानात वर्षानुवर्षं गहू-तांदूळच आला, हे त्यातलं मोठं कारण. अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्याला जागा आहे. ओडिशाने 2017मध्ये मिलेट मिशन सुरू करून नाचणी हमीभावाने घेतली आणि रेशनवर दिली. महाराष्ट्राने ज्वारीसाठी तेवढं नेटाने करायला हवं.

हे झालं सरकारचं काम, पण आपल्यालाही काही करता येईल. एडिसनमधल्या अनेकांची गावाकडे जमीन आहे आणि ती दुसरंच कुणी वाट्याने कसतं. सातबारा आपल्या नावावर, त्यामुळे नुकसानभरपाईही आपल्याच नावाने येते. कसणाऱ्याशी नोंदणीकृत भाडेकरार करा, म्हणजे त्याला स्वतःच्या नावाने पीकविमा काढता येईल. आणि तोवर भरपाई आपल्या खात्यात जमा झालीच, तर ती त्याला पाठवा.