स्पार्क प्रोसेसर आणि ओसरते स्वयंसेवक-बळ

पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९८ मध्ये ‘परम १००००’ हा महासंगणक सिद्ध केला, तेव्हा त्याच्या गाभ्याशी सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क प्रोसेसर होते. त्याच सुमारास मुक्त आज्ञावलींच्या क्षेत्रातही स्पार्कला स्थान मिळत होते. डेबियन या लिनक्स-वितरणाने १९९९ च्या २.१ या आवृत्तीत त्याचा अधिकृत स्वीकार केला; २०१५ च्या आठव्या आवृत्तीतून मात्र तो वगळला गेला. स्पार्क यंत्रे तेव्हा बंद पडली नव्हती. उणीव होती ती मुख्यतः माणसांची.

मुक्त आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांस खुला असला, तरी तो प्रत्येक प्रोसेसरसाठी कंपायलरमधून स्वतंत्रपणे काढावा लागतो. हजारो आज्ञावलींपैकी ज्या अडतात, त्यांची कारणे कोणीतरी शोधावयाची असतात. हे बिनमोबदल्याचे काम बहुधा मूठभर जाणकारांवर असते. यंत्र दुर्मिळ झाले की नवा जाणकार घडत नाही. जाणकार नसला की दोष साचतात आणि उरलेला वापरकर्ताही पाठ फिरवितो.

ही हानी केवळ जुन्या यंत्रांच्या मालकांची आहे काय? तसे नव्हे. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना एकक आधी उच्चारला जातो, लिहिताना मात्र दशक आधी येतो. इंटेलच्या घराण्यातील प्रोसेसर संख्येचा कनिष्ठ बाइट स्मृतीत आधी ठेवतात, स्पार्क ज्येष्ठ बाइट आधी ठेवतो. शिवाय चार बाइटांची संख्या चाराने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून वाचू गेल्यास स्पार्क ती आज्ञा नाकारतो. इंटेल ती बहुधा निमूटपणे चालवून घेतो. लेखकाने क्रमाविषयी वा पत्त्याविषयी गृहीत धरलेली चूक इंटेलवर वर्षानुवर्षे झाकून राहते, स्पार्कवर तत्काळ उघडी पडते. असा कठोर परीक्षक गेला की सर्वांच्याच आज्ञावलींची एक कसोटी कमी होते.

सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली. ६४-बिटी स्पार्कची डेबियन आवृत्ती आज अनधिकृत विभागात काही स्वयंसेवकांनी चालू ठेवली आहे. क्यूईएमयू या अनुकरण-आज्ञावलीमुळे रत्नागिरीतील विद्यार्थ्यासही साध्या संगणकावर स्पार्क उभा करता येतो. तेथे गती मंद असते आणि प्रत्यक्ष यंत्राचे सर्व स्वभाव उतरतातच असे नाही. तथापि बाइटांच्या क्रमाचे दोष शोधण्यास तेवढे साधन पुरते.