कट्ट वाजलं म्हणजे मणका बसला का?

भोपाळच्या बाग सेवनियातून नर्मदापुरमचा रस्ता धरला की चाळीसेक किलोमीटरवर भीमबेटका लागतं. तिथल्या गुहाचित्रांचा शोध १९५७ मध्ये लावला तो विष्णु श्रीधर वाकणकरांनी. रस्ता तसाच नर्मदेपर्यंत जातो. त्या भागात नर्मदेकाठीच हथनोरा आहे. इथे १९८२ मध्ये भूशास्त्रज्ञ अरुण सोनकिया यांना आदिमानवाची कवटी सापडली. दोन पायांवर ताठ चालणाऱ्या आपल्या पूर्वजांची इतकी जुनी खूण या भागात आहे, आणि त्याच रस्त्यालगत, एम्स आणि बरकतउल्ला विद्यापीठाच्या आसपासच्या खोल्यांत मुलं पलंगावर मांडी घालून, लॅपटॉपवर वाकून परीक्षेची तयारी करतात. पाठ कुरकुरणारच! तर या पाठीच्याच काही गमतीजमती.

जिराफ आणि आपण

जन्मतः आपल्याला साधारण ३३ मणके असतात. मोठेपणी खालचे नऊ जुळून दोन हाडं होतात, वरचे चोवीस सुटे राहतात. त्यातले मानेचे सात. जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही सातच! संख्या तीच, फक्त एकेक मणका वीतभर लांब. आणि कणा मजबूत म्हणजे किती? काँगोच्या परिसरात हीरो श्रू नावाचा चिचुंद्रीसारखा प्राणी आहे. त्याचे मणके एकमेकांत असे गुंततात की माणूस अंगावर उभा राहिला तरी तो सहीसलामत चालू लागतो, असं प्रवाशांनी लिहून ठेवलंय.

सकाळी उंच, रात्री बुटके

मणक्यांमधल्या गाद्यांमध्ये भरपूर पाणी असतं. दिवसभराच्या भाराने ते थोडं थोडं बाहेर पडतं, रात्री आडवं झालं की परत भरतं. म्हणून सकाळची उंची रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते. घरी भिंतीवर पेन्सिलीने खूण करून बघा, मुलांना फार मजा येते. अंतराळवीरांवर तर भारच नसतो, त्यामुळे त्यांची उंची तीन टक्क्यांपर्यंत वाढते आणि पृथ्वीवर आल्यावर पुन्हा पूर्ववत होते.

यातून एक कामाची गोष्ट निघते. सकाळी उठल्या उठल्या गाद्या टम्म फुगलेल्या असतात आणि वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. तेव्हा जाग आल्यावर लगेच वाकून पाण्याची कळशी किंवा सिलिंडर उचलू नये. तासभर जाऊ द्यावा.

पायाळूची लाथ

कंबरेत उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणसाला शोधत. पायाकडून जन्मलेल्या माणसाने कंबरेला पाय लावला की उसण उतरते, ही समजूत आजही कित्येक घरांत आहे. आता नवल ऐका. स्कॉटलंडच्या ईशान्य भागातल्या लोकसमजुती वॉल्टर ग्रेगर यांनी १८८१ मध्ये छापल्या, त्यात हुबेहूब हेच आहे: पायाकडून जन्मलेल्याने दुखऱ्या कंबरेवर पाय दिला की आराम पडतो. हजारो कोसांवरच्या दोन समाजांना एकच उपाय सुचावा, यावरून पाठदुखीने माणसाला किती छळलंय ते कळतं. साध्या उसणीची बहुतेक दुखणी काही दिवसांत आपोआप उतरतात आणि श्रेय पायाळूला मिळतं. ज्याला खरोखर गादीचा त्रास आहे, त्याने मात्र कंबरेवर कुणाचाही पाय घेऊ नये.

झाडूवाला, बहिरेपण आणि रेगन

हातांनी मणक्यांना झटका देऊन उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टिकची सुरुवात अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावी १८९५ मध्ये झाली. ती करणारे डॅनियल डेव्हिड पामर आधी ‘चुंबकीय’ उपचार करायचे. त्यांच्या इमारतीत साफसफाई करणारे हार्वी लिलर्ड यांना ऐकू येत नव्हतं. त्यांचा मणका दाबून बसवला आणि ऐकू येऊ लागलं, असा पामर यांचा दावा. कानाची नस पाठीच्या कण्यातून जातच नाही, त्यामुळे हा दावा शास्त्राला कधी पटला नाही. परवान्याविना उपचार केल्याबद्दल पामर यांना १९०६ मध्ये तुरुंगवासही झाला. त्यांचे चिरंजीव बी. जे. पामर यांच्या रेडिओ केंद्रावर १९३२ मध्ये एक तरुण निवेदक लागला, रोनाल्ड रेगन. पुढे तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

मग कायरोप्रॅक्टिकमध्ये काही तथ्य आहे की नाही? कंबरदुखीपुरतं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, रुग्णाला नीट माहिती देणं आणि मसाज यांच्या जोडीने हातांनी मणके हलवण्याच्या उपचारालाही जागा आहे. कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ताणणं नेहमीच्या उपचारात नको, असंही त्यात म्हटलंय. पट्ट्याशिवाय घराबाहेर न पडणाऱ्यांनी हे जरूर डॉक्टरांना विचारावं.

तो आवाज

अशा उपचारांच्या व्हिडिओत कट्ट आवाज येतो आणि लोक म्हणतात, बघा, मणका जागेवर बसला! तसं काही नसतं. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो, त्यात वायू विरघळलेला असतो. सांधा एकदम ताणला की आतला दाब उतरतो आणि वायूचा बुडबुडा तयार होतो, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. तोच सांधा पुन्हा वाजायला वीसेक मिनिटं लागतात. २०१५ मध्ये कॅनडाच्या संशोधकांनी बोट मोडतानाचं एमआरआय चित्रीकरण करून हा बुडबुडा दाखवला. डोनाल्ड उंगर या अमेरिकन डॉक्टरांनी तर साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. दोन्ही हातांत सांधेदुखीचा फरक नाही! २००९ मध्ये त्यांना गमतीशीर संशोधनासाठीचं इग नोबेल मिळालं.

बोटांचं ठीक, पण मान निराळी. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. झटक्याने त्यातली एखादी आतून फाटली तर पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण घडतं. केस धुताना बेसिनवर मान फार मागे टाकल्यानेही असं होतं, हे मायकल वाइनट्रॉब या मेंदूतज्ज्ञाने १९९३ मध्ये पाच रुग्णांवरून दाखवलं. दाढी झाली की डोकं धरून मान मोडून देण्याची आपल्या केशकर्तनालयातली रीत आता बंद व्हायलाच हवी. हात जोडून नको म्हणा.

रिपोर्ट वाचून घाबरू नका

‘मणक्यात गॅप आलीय’ हे ऐकून धसका घेतलेली माणसं प्रत्येक गल्लीत भेटतात. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार, काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या एमआरआयमध्येही गाद्यांची झीज दिसते. ऐंशीच्या लोकांत ती ९६ टक्के. केस पांढरे व्हावेत तितकं हे साहजिक आहे. फळीवर झोपण्याचाही आग्रह नको. २००३ मध्ये स्पेनमधल्या ३१३ रुग्णांच्या अभ्यासात अगदी टणक गादीपेक्षा मध्यम टणक गादी सरस ठरली.

मध्य प्रदेशचा राज्यखेळ

पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवं रूप दिलं, तो २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्यखेळ आहे. भोपाळच्या मराठी घरांनी याचा अभिमान बाळगावा आणि मुलांना आखाड्यात पाठवावं. कणा सगळ्या बाजूंनी वळवणारा असा दुसरा खेळ विरळाच. मोठ्यांसाठी सूर्यनमस्कार आहेतच. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांत नेले.

तेही जमत नसेल तर चाला. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. कंबरदुखी बरी झाल्यावर नियमित चालणाऱ्यांना ती परतायला मध्यमानाने २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांना ११२. फुकटचं औषध, तेही इतकं गुणकारी!

आता जड वस्तू उचलण्याची रीत. भरलेला घरगुती सिलिंडर तीसेक किलोंचा असतो. तो उचलताना पाय फाकवून गुडघ्यात वाका, टाकी पोटाशी घ्या आणि उभं राहून झाल्यावर पावलं वळवा. कंबर पिळू नका.

आणि एवढं मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर तेल, मालीश, पायाळू सगळं बाजूला ठेवून त्याच तासाला मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.