पाना गंजतो तो पेटीतच

मुंबई-गोवा महामार्गावर कणकवली मागे टाकून ओरोसच्या दिशेने निघालं की कसालचा तिठा लागतो. मालवणचा रस्ता इथूनच फुटतो. महामार्गाचा क्रमांक 17 चा 66 झाला, पण तिठ्याचं महत्त्व काही कमी झालं नाही. घाट उतरून तापलेली इंजिनं, तारकर्ली-देवबागच्या वाळूत चाकं रुतवून परतणारे पर्यटक, बर्फाचं पाणी गाळत जाणारे मासळीचे टेम्पो, सगळ्यांची वाट हीच. अशा ठिकाणी गाडीबद्दल प्रत्येकाला मत असतं. ज्या हत्यारांनी गाडी खोलायची, ती ठेवायची कशी आणि न्यायची कशी, याबद्दल मात्र ऐकीव गोष्टींवरच भागतं. त्यातल्या बऱ्याच खिशाला महाग पडतात आणि एखादी जिवालाही पडू शकते.

‘क्रोमचा पाना आहे, गंजायचा नाही’

हा सगळ्यात पक्का बसलेला समज. पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असं कोरलेलं असतं आणि वर आरशासारखी चकाकी असते. माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात त्या पोलादात क्रोमियम असतं साधारण एक टक्का, कधी त्याहूनही कमी. ते घातलेलं असतं ताकदीसाठी. पोलादाला ‘स्टेनलेस’ म्हणायचं तर किमान 10.5 टक्के क्रोमियम लागतं. म्हणजे नाशिकच्या सातपूरमध्ये बनलेला पाना घ्या, जालंधरचा घ्या की जर्मनीचा, आतलं लोखंड गंजणारंच आहे. त्याला वाचवतो तो वरचा मुलामा. त्यात निकेलचा थर काही मायक्रॉनचा आणि सर्वांत वरचा क्रोमचा थर बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ.

खरी गोम पुढे आहे. जस्ताचा मुलामा ओरखडला तर जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. पत्र्याचं छप्पर म्हणूनच इतकी वर्षं टिकतं. निकेल आणि क्रोमचं उलटं. तिथे मुलामा शाबूत राहतो आणि उघडं पडलेलं लोखंड अधिक वेगाने खाल्लं जातं. त्यामुळे पान्याचा दांडा लखलखीत दिसतो, पण जबड्याच्या कडेला, जिथे नट घासतो, तिथे तपकिरी ठिपका उठतो. त्या ठिपक्यावर नख फिरवलं तर मुलाम्याची खपली निघून येते, कारण गंज तिच्याखालून पसरत गेलेला असतो. अशी खपली ब्लेडसारखी कापते. ठिपका दिसल्या दिवशीच घासून तेलाचा हात फिरवलेला बरा.

‘खारा वारा मालवणात, कसालला काय त्याचं?’

हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. हवेतलं मीठ किनाऱ्यापासून आत जाताना झपाट्याने कमी होतं आणि सर्वाधिक मारा पहिल्या किलोमीटरभरातच होतो. रस्त्याने तीसेक किलोमीटर आत असलेल्या कसालला समुद्राची थेट झळ फारशी नाही. पण मीठ वाऱ्यावरच यावं असं कुठे आहे? ते गाडीच्या बुडाला चिकटून येतं, मासळीच्या पाण्यातून येतं, मेकॅनिकच्या घामातून तर रोजच येतं. खाऱ्या गाडीखाली वापरलेला पाना नुसता पुसून पेटीत टाकला की मीठही पेटीत गेलं.

हे मीठ काय करतं ते स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला विचारावं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याहून पुष्कळ कोरड्या हवेतही ओलसर राहतं. स्वच्छ लोखंडाला गंज धरायला साधारण 60 टक्के आर्द्रता पुरते, आणि सिंधुदुर्गात जून ते सप्टेंबर हवा त्याच्या खाली क्वचितच उतरते. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणारा हा मुलूख. इथे समुद्र नसता तरी पाने गंजलेच असते.

‘पेटी घट्ट बंद केली की काळजी मिटली’

इथेच खरा घात होतो. हवाबंद प्लास्टिकची पेटी बाहेरचा ओलावा आत येऊ देत नाही, तसा आतला बाहेरही जाऊ देत नाही. संध्याकाळी भर पावसात काम आटोपलं, दमट हत्यारं पेटीत भरली, कडी लावली. हवा 25 अंशांची आणि आर्द्रता 90 टक्के असेल, तर पाने दोनेक अंशांनी थंड झाले तरी त्यांच्यावर दव धरतं. पहाटेपर्यंत तेवढा गारवा येतोच. आठवडाभर पेटी उघडली नाही, तर आत नव्याची जुनी हत्यारं झालेली असतात.

म्हणजे पेटी पत्र्याची की प्लास्टिकची हा दुय्यम प्रश्न. हत्यार कोरडं करून आत गेलं का, हा पहिला. आधी फडक्याने पुसावं, शक्य तर कॉम्प्रेसरची हवा मारावी, विशेषतः गोटीच्या आतल्या चौकोनात आणि रॅचेटच्या दातांत. मगच बंद करावं. सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी पडतात, पण त्या एकदा टाकून विसरायच्या नसतात; पोट भरलं की त्या ओढायचं थांबवतात. दाणे ओव्हनमध्ये सुमारे 120 अंशांवर तापवले की पुन्हा कामाला येतात. तांदळाची पुरचुंडी ठेवणारेही भेटतात. पावसाळ्यात तांदूळ स्वतःच दमट झालेला असतो, तो दुसऱ्याचं काय शोषणार? त्यापेक्षा यंत्रांचे सुटे भाग ज्यात गुंडाळून जहाजाने पाठवतात तो गंजरोधक कागद बरा. त्यातून निघणारी वाफ धातूवर अतिशय पातळ थर धरते, आणि म्हणूनच तो बंद पेटीतच चांगलं काम करतो.

कापडी गुंडाळी सुटसुटीत असते, खिसे असतात, आवाज होत नाही. पण कॅनव्हास ओल धरून ठेवतो. उन्हाळ्यात ती उत्तम; आषाढात तिच्यात पाने आठवडाभर गुंडाळून ठेवू नयेत.

‘रॉकेल फासलं, नाहीतर जळकं ऑईल आहेच’

रॉकेल चांगलं धुतं. त्याने ग्रीस सुटतं, आणि ग्रीसबरोबर लोखंडावरचं संरक्षणही निघून जातं. रॉकेल उडून गेल्यावर मागे उरतो तो स्वच्छ आणि उघडा पाना. गाडीतून काढलेल्या काळ्या ऑईलमध्ये तर ज्वलनातून आलेली आम्लं, काजळी आणि थोडं पाणीही असतं. ते हत्याराच्या भल्याचं नाही आणि रोज हाताळणाऱ्याच्या कातडीच्या तर नाहीच. नव्या ऑईलचे दोन थेंब फडक्यावर घेऊन फिरवले तरी पुष्कळ झालं.

निळ्या-पिवळ्या डब्यातल्या डब्ल्यूडी-40 चीही अशीच गत. 1953 मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने पाणी हटवण्यासाठी हे मिश्रण बनवलं. चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात 40. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंजापासून वाचवण्यासाठी ते सुरुवातीला वापरलं गेलं. ओला पाना कोरडा करायला आणि अडलेला नट सोडवायला ते नामी आहे. पण त्याचा बराचसा भाग उडून जाणारा असल्यामुळे मागे राहणारा थर पातळ असतो. पावसाळाभराच्या मुक्कामासाठी त्यावर तेलाचा हात लागतोच.

‘टॉर्क पाना म्हणजे शेवटी पानाच’

क्लिकवाल्या टॉर्क पान्याच्या आत स्प्रिंग असते. चाकाचे नट आवळून झाल्यावर तो त्याच आकड्यावर ठेवला, तर स्प्रिंग महिनोन्‌महिने दाबलेली राहते आणि मापात फरक पडतो. काम झाल्यावर पट्टीवरच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा. त्याच्याही खाली ढिला करू नये. त्याला स्वतःची डबी हवी, कारण आपटला की माप गेलं. आंतरराष्ट्रीय मानकानुसार वर्षभरात किंवा 5000 वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, तो तपासून घ्यायचा असतो. अडलेला नट सोडवायला तर तो मुळीच वापरू नये.

‘पेटी डिकीत टाकली आहे, असू दे’

दहा किलोची हत्यारपेटी डिकीत मोकळी आहे आणि गाडी 50 किलोमीटरच्या वेगाने धडकली असं समजा. त्या क्षणी पेटीत जेवढी ऊर्जा असते, तेवढीच तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे सुमारे दहा मीटरवरून पडणाऱ्या पेटीत असते. मागच्या सीटवर मुलं बसलेली असतात, आणि ज्या गाड्यांची डिकी वरून मोकळी आहे तिथे मध्ये आडोसाही नसतो. फोंडा किंवा करूळ घाट चढणाऱ्याने तर पेटी मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, तळाशी, पट्ट्याने आवळूनच ठेवावी. बहुतेक गाड्यांत त्यासाठी हूक दिलेले असतात. त्यांना भाजीच्या पिशव्या अडकवल्या जातात, ते असो.

सगळी हत्यारं एकाच मोठ्या पेटीत भरणं हा मेकॅनिकचा मान समजला जातो. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने दोन्ही हातांनी, नीट उभं राहून, अंगाजवळ धरून उचलायच्या वजनाची मर्यादा 23 किलो ठरवली आहे. एका हाताने, वाकून, चिखलातून चालताना ती कितीतरी कमी होते. दोन छोट्या पेट्या केल्या तर पाठ वाचते आणि रोजच्या दहा-बारा वस्तूंसाठी सगळा पसारा उपसावा लागत नाही.

आणखी एक: नव्या गाडीत स्टेपनी, जॅक, व्हील पाना असणारच, हेही गृहीत धरू नये. केंद्र सरकारने 2020 च्या जुलैमध्ये नियम बदलला. ट्यूबलेस टायर, टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच दिला असेल, तर छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी सक्तीची नाही. रात्री आडवाटेला डिकी उघडून बघण्यापेक्षा घरीच बघून घ्यावं.

‘एक पाना कमी आहे, असेल कुठेतरी’

“बारा-तेराचो पानो खय गेलो रे?” ही हाक ज्या गॅरेजात ऐकू येत नाही असं गॅरेज सिंधुदुर्गात सापडायचं नाही. बहुतेकदा तो बॅटरीच्या मागे किंवा बंपरच्या खाचेत निघतो. कधी गिऱ्हाइकाच्या गाडीतून गोव्याला पोचलेला असतो. विमानांच्या दुनियेत याचीच भीती सगळ्यात मोठी. 2023 च्या डिसेंबरमध्ये क्वांटासच्या ए-380 विमानाच्या इंजिनात तपासणीनंतर सव्वा मीटर लांबीचं नायलॉनचं हत्यार राहून गेलं. ते सापडेपर्यंत विमानाने 34 उड्डाणं आणि जवळपास 300 तास पार केले होते. हत्यार हरवल्याचं लक्षात आलं होतं, तरी ते सापडण्याआधीच विमान सोडलं गेलं, असं ऑस्ट्रेलियाच्या चौकशीत पुढे आलं. अशा चुका टाळायला विमानांच्या कार्यशाळांत फोमच्या पट्टीत प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापलेली असते. रिकामी खाच लांबूनही दिसते. गॅरेजात हे काम भिंतीवरची फळी आणि रंगाचा ब्रश भागवू शकतात: खिळ्याला पाना टांगायचा आणि त्याच्याभोवती रेघ ओढायची. गाडीची चावी परत देण्याआधी फळीकडे एक नजर टाकली की काम झालं.

‘विमानाने जातोय, हत्यारं हातातल्या बॅगेतच बरी’

चिपीचा विमानतळ 2021 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला आणि चाकरमान्यांच्या सामानात एक नवा गोंधळ आला. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी हे केबिनमध्ये चालत नाही. ते चेक-इनच्या सामानात द्यावं लागतं. बॅटरीवर चालणाऱ्या हत्यारांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्यांचा नियम नेमका उलटा आहे. त्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, टोकांना चिकटपट्टी लावून हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. म्हणजे इम्पॅक्ट गन विमानाच्या पोटात आणि तिची सुटी बॅटरी मालकाच्या मांडीवर, असा प्रवास करावा लागतो.