इंग्रजी सिंह, कँटनची चांदी

चालता सिंह, बिबट्याचं मुंडकं, राजाचं डोकं आणि एखादं रोमन अक्षर: चमच्याच्या दांड्यामागे ही चिन्हं दिसली की तो लंडनचा, असं जाणकारही बराच काळ धरून चालत. पण अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कँटनचे चिनी कारागीर युरोपी आणि अमेरिकी गिऱ्हाइकांसाठी अशीच भांडी घडवत होते आणि त्यांवर हीच चिन्हं उमटवत होते. ती वाचताना लंडनचे तक्ते बाजूला ठेवलेले बरे. लंडनमध्ये सिंह म्हणजे सरकारमान्य कसोटीचा दाखला आणि राजाचं डोकं म्हणजे कर भरल्याची पावती. कँटनमध्ये ना तशी कसोटी होती, ना तो कर. तिथल्या चांदीवरचा ठसा म्हणजे दुकानाची पाटी आणि त्या दुकानाचा शब्द, इतकंच.

‘डब्ल्यूई, डब्ल्यूई, डब्ल्यूसी’ हा कँटनचा गाजलेला ठसा पाहा. विल्यम इली, विल्यम फर्न आणि विल्यम चॉनर हे तिघे लंडनमध्ये भागीदारीत चमचे-काटे घडवत. त्यांच्या ठशात आद्याक्षरांच्या तीन जोड्या एकाखाली एक होत्या, आणि मधली जोडी होती ‘डब्ल्यूएफ’. कँटनमध्ये त्या एफचा ई झाला. ज्याला ती लिपी वाचता येत नाही, केवळ आकार उतरवता येतो, त्याच्या हातून व्हावी अशीच ही चूक आहे. मग ही लबाडी होती का? तसं म्हणणं सोपं आहे. पण कँटनच्या दुकानात उभ्या असलेल्या जहाजाच्या कप्तानाला आपण लंडनमध्ये नाही हे कळतच होतं. नमुना म्हणून आलेल्या चमच्याचा घाट उतरवताना मागची चिन्हंही उतरली, असं मानणं मला जास्त पटतं. फसगत झाली ती पुढच्या पिढ्यांची. मुंबईच्या पेढ्यांचाही कँटनशी अफू-कापसाचा मोठा व्यवहार होता, तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या जुन्या चमच्यावरचा सिंह पाहून लगेच लंडन गाठायची घाई करू नये.

1842च्या नानकिंग तहानंतर शांघायसह पाच बंदरं परकी व्यापाराला खुली झाली, हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं, आणि हळूहळू ठशांची तऱ्हाही बदलली. खोटा सिंह मागे पडला. ‘डब्ल्यूएच’, ‘90’ आणि शेजारी चिनी अक्षरांचा छोटा शिक्का, ही ओळख रूढ झाली. ‘डब्ल्यूएच’ म्हणजे वांग हिंग, ‘90’ म्हणजे शेकडा नव्वद चांदीचा दावा. वांग हिंग नावाचा माणूस शोधू नये. लुएन वो, हुंग चोंग यांच्यासारखंच तेही पेढीचं शुभनाम. घडवणाऱ्याचा माग लागलाच तर त्या चिनी शिक्क्यात लागतो, कारण एक पेढी अनेक कारखान्यांकडून माल घेई आणि एक कारखाना अनेक पेढ्यांना माल पुरवी. इंग्रजी अक्षरांवर थांबणारा संग्राहक म्हणूनच विक्रेत्यालाच कारागीर समजून बसतो.

कुणी म्हणेल, असं असेल तर ठशाचा उपयोग काय? उपयोग आहे, फक्त त्याला एकट्याला साक्षीला उभं करू नये. पेढी कळली की शहर आणि साधारण काळ कळतो. फोर्ब्स, कर्नन आणि विल्किन्स यांच्या 1975च्या ग्रंथाने या चांदीच्या अभ्यासाला पाया दिला, तोही ठशांना घाट, नक्षी आणि कोरलेल्या तारखांची जोड देऊनच. ‘चायना’ हा शब्द असेल तर आणखी एक धागा मिळतो: अमेरिकेच्या 1890च्या जकात कायद्याने आयात मालावर उगमदेशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं केलं, म्हणून असा नग बहुधा त्यानंतरचा. आणि बाजारात ‘डब्ल्यूएच’ला भाव आहे म्हटल्यावर नकलाही आल्याच. भिंगाखाली ठोकलेल्या ठशाच्या कडा धारदार दिसतात आणि पत्रा पातळ असेल तर मागच्या बाजूला दाबही उमटलेला असतो. साच्यात ओतलेल्या नकलेत अक्षरं गुळगुळीत, साबण झिजल्यासारखी असतात. यंत्राने कस तपासला तरी चांदी किती हे कळेल, ती कुणी घडवली हे नाही.