युवानिधीचे पैसे कधी थांबतात?

कर्नाटकाच्या युवानिधी योजनेत बेरोजगार पदवीधराला महिना 3000 आणि पदविकाधारकाला 1500 रुपये मिळतात. वाटप 12 जानेवारी 2024 रोजी शिवमोग्ग्यात सुरू झाले. गाणगापुरात पासबुकात पहिली नोंद दिसली की घरच्यांना वाटते, आता दोन वर्षांची निश्चिंती. हा समज स्वाभाविक आहे, पण दोन वर्षे ही कमाल मर्यादा आहे. स्लॅबखालचे टेकू स्लॅब पक्का होईपर्यंतच असतात, तसा हा भत्ता. नोकरी लागली, पुढच्या शिक्षणाला प्रवेश घेतला किंवा शिकाऊ उमेदवारीचे विद्यावेतन (काम शिकताना मिळणारे मानधन) सुरू झाले, की तो थांबतो. सरकारी योजनेतून कर्ज काढून धंदा टाकला तरी तेच. म्हणून स्वयंघोषणा (अजून बेरोजगार असल्याचे स्वतः कळवणे) वेळेवर आणि खरी करावी. ती राहिली, तर पात्र मुलामुलींचेही पैसे अडकतात, आणि ते फार वाईट.