पेव्हर ब्लॉकला सीलर लावायचाय? आधी फटांमधली वाळू तपासा

वाशिम : गेटपासून पोर्चपर्यंत बसवलेले पेव्हर ब्लॉक पहिले काही महिने छान दिसतात. एक पावसाळा गेला की रंग फिका पडतो, फटांमध्ये हरळी उगवते आणि चाकाखालचे ब्लॉक दबतात. मग सीलरचा डबा आणला जातो. मात्र सीलर हा शेवटचा टप्पा आहे. पाया आणि फटा ठीक नसतील, तर तो खर्च वाया जातो.

ब्लॉक का दबतात?
जिल्ह्याच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यावर मुरूम-खडीचा नीट दाबलेला थर नसेल, तर ब्लॉक खाली-वर होणारच. सीलर हे थांबवू शकत नाही. दबलेले ब्लॉक काढायचे, खाली भर घालून कुटायचे आणि तेच ब्लॉक पुन्हा बसवायचे, हाच उपाय. पाणी भिंतीकडे न जाता बाहेर वाहावे, यासाठी मीटरमागे साधारण २ सेंमी उतार ठेवा.

जाडी किती हवी?
आयएस १५६५८ या भारतीय मानकाच्या २००६ च्या आवृत्तीत फक्त पायी वर्दळ असेल तर ५० मिमी, हलक्या वाहनांसाठी ६० मिमी आणि मध्यम वाहतुकीसाठी ८० मिमी जाडी दिली आहे. सोयाबीनची पोती भरलेली ट्रॉली अंगणात येत असेल, तर पातळ ब्लॉक टाळा.

फटांचे काम काय?
२ ते ४ मिमीच्या फटेतली बारीक वाळू ब्लॉकना एकमेकांशी घट्ट धरते आणि चाकाचा भार शेजारच्या ब्लॉकवर वाटते. जोराच्या पाण्याने धुतल्यास ही वाळू निघून जाते. धुतल्यानंतर फरशी वाळू द्या आणि फटा कोरड्या वाळूने पुन्हा भरा.

पांढरे डाग कशाचे?
सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो, हवेतील कार्बन डायऑक्साइडशी त्याची क्रिया होते आणि पांढरा थर बसतो. ब्लॉक त्यामुळे खराब झाला असे नाही. आधी कोरड्या ब्रशने घासा. बाथरूमचे ॲसिड ओतू नका. ते सिमेंटच खाते आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

सीलर कोणता?
सिलेन-सिलोक्सेन प्रकारचा सीलर ब्लॉकच्या आत मुरतो. पाणी कमी शोषले जाते आणि रूप फारसे बदलत नाही. ॲक्रिलिक सीलर वर पातळ थर तयार करतो. रंग उठून दिसतो, पण ओल्यात निसरडे होऊ शकते. घरात वयस्कर माणसे असतील, तर पहिला प्रकार बरा.

कधी लावायचा?
मे महिन्याच्या तापलेल्या फरशीवर सीलर नीट पसरण्याआधीच सुकतो. पावसाळ्यात ओल आत अडकून वरचा थर दुधाळ पडतो. त्यामुळे पाऊस संपल्यावर, फरशी पूर्ण वाळली की, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. नवीन ब्लॉकवरचे पांढरे डाग येणे थांबेपर्यंत थांबा.

लावताना लक्षात ठेवा
• ऑइलचे डाग आधी डिटर्जंटने काढा.
• कोपऱ्यात एका ब्लॉकवर चाचणी घ्या.
• एक जाड थर देण्यापेक्षा पातळ थर द्या.
• हातमोजे, मास्क वापरा.
• डब्यावर दिलेल्या वेळेपर्यंत गाडी आत आणू नका.

पुन्हा कधी?
ब्लॉकवर थोडे पाणी शिंपडा. थेंब वर राहिले तर सीलर टिकून आहे. पाणी लगेच मुरून ब्लॉक गडद झाला, तर पुन्हा लावण्याची वेळ आली.